मानेआबात आमची जागा

पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्या छपराच्या वरून गाणे ऐकू येते. येथे आलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटले होते की शेजारच्या घरात पहाटेची प्रार्थना चालू असावी. परंतु आवाज शेजारून येत नव्हता, वरून येत होता, आणि बाहेर येऊन पाहिले तेव्हा अंधारात माडाच्या शेंड्याशी एक मनुष्याकृती हलताना दिसली. आमच्या शेजारणीचा मुलगा पोयीला नवा छेद देऊन रात्रभर साठलेली नीरा उतरवून घेत होता. या नीरेला येथे करेवे म्हणतात. ती सकाळ-संध्याकाळ दोन वेळा काढावी लागते आणि माडावर चढलेल्या माणसाने तेथे गात काम करावे, अशी येथील जुनी रीत आहे. ताजी करेवे लहान मुलांना पाजतात, आणि ती मंद आचेवर आटवली की काकवीसारखा दाट, तपकिरी पाक तयार होतो, त्याला कमाइमाइ म्हणतात. त्या गाण्याने जाग आली की मी उठून दिवा लावते, हे, म्हणजे माझे पती, पवित्र शास्त्र उघडतात, आणि वरचे गाणे संपेपर्यंत आमची सकाळची प्रार्थना थांबून राहते. दोन्ही एकाच वेळी व्हावीत, असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही.

आम्ही राहतो ते बिकेनिबेऊ हे गाव दक्षिण तारावा येथे आहे. तारावा हे प्रशांत महासागरातील किरिबाती या देशाचे राजधानीचे कंकणद्वीप. देशाच्या नावाचा उच्चार येथील लोक किरिबास असा करतात. तो तसा का, हे पुढे सांगते. विषुववृत्त येथून फार दूर नसल्यामुळे वर्षाचे बाराही महिने सूर्य सहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो आणि सहा-साडेसहाच्या दरम्यानच मावळतो. जमीन म्हणजे प्रवाळाच्या चुऱ्याची एक लांब, अरुंद पट्टी आहे. एका बाजूला महासागर, दुसऱ्या बाजूला शांत खाजण, आणि मधून जाणारा एकच मुख्य रस्ता, जो पश्चिमेकडच्या बेटिओपासून पूर्वेकडच्या बोनरिकी विमानतळापर्यंत जातो. आमच्या अंगणात उभे राहून दोन्हीकडच्या लाटांचा आवाज वेगवेगळा ओळखता येतो. देशाची लोकसंख्या सुमारे १,२०,००० आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक माणसे या एका पट्टीवर राहतात, त्यामुळे समुद्राच्या मधोमध असूनही येथे एकांत मिळत नाही. घरांना लागून घरे, त्यांच्यामध्ये डुकरांची खुराडी, कुत्री, वाळत घातलेले कपडे, आणि दाराशीच बांधलेल्या आप्तांच्या कबरी, असे आमचे सारे शेजार आहे.

माझे वय ६७ आहे आणि यांचे ७१. हे शाळेत गणित शिकवत असत, मी परिचारिका होते. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून काही वर्षे अशा ठिकाणी द्यावीत, जेथे आपला उपयोग होईल, असे आम्ही फार पूर्वी ठरवले होते, आणि मंडळीने हे ठिकाण सुचवले तेव्हा आम्हाला ते नकाशावर शोधावे लागले. येथे येऊन आता दीड वर्ष झाले. ‘मिशनरी’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात जे चित्र उभे राहते, ते येथे लागू पडत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ख्रिस्ताचे नाव ज्यांनी कधी ऐकले नाही, अशी माणसे येथे शोधूनही सापडणार नाहीत. बहुसंख्य लोक कॅथोलिक आहेत, त्यांच्या खालोखाल किरिबाती युनायटिंग चर्चचे सभासद आहेत, आणि आमच्या शेजारणीला जितकी स्तोत्रे तोंडपाठ आहेत तितकी मला नाहीत. हे संध्याकाळी मोठ्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवतात, मी स्त्रियांच्या सभेला जाते, मुलांचा रविवारचा वर्ग घेते आणि आजाऱ्यांना भेटते. बाकीचा सारा वेळ पाणी, स्वयंपाक, कपडे आणि भेटीगाठी यांत जातो. आरंभी मला तो वाया गेल्यासारखा वाटत असे, आता वाटत नाही.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या दिवसाची आखणी त्यावरच होते. येथे नदी नाही, ओढा नाही, तळे नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराचा गोडा थर होऊन तरंगत राहते. बोनरिकीजवळच्या राखीव जमिनीखालील अशाच थरातून पाणी उपसून नळाने पुरवले जाते, आणि ते दोन दिवसांतून एकदा, तास-दोन तास येते. तेवढ्या वेळात पिंपे भरून घ्यायची. अंगणातल्या विहिरीचे पाणी केवळ धुण्याभांड्यांना वापरायचे, कारण वस्ती दाट आहे, जमिनीत सारे झिरपते, आणि पाणी हाताला लागेल इतक्या वर असते. प्यायला छपरावरून टाकीत साठवलेले पावसाचे पाणी, तेही उकळून. प्रशांत महासागरात ला निना स्थिती आली की या बेटांवर पाऊस रुसतो. २०२२ च्या जूनमध्ये सरकारला दुष्काळाची आणीबाणी जाहीर करावी लागली होती, आणि त्या महिन्यांविषयी शेजारणी बोलू लागल्या की त्यांचा आवाज खाली येतो. विहिरीचे पाणी त्या काळात चहालाही चालत नसे इतके मचूळ झाले होते, असे त्या सांगतात.

आमची पहिली चूक या पाण्याशीच संबंधित होती. हे आयुष्यभर स्वतःचे काम स्वतः करत आलेले गृहस्थ; पाणी आले की स्वतः बादल्या उचलून पिंपे भरू लागले. शेजारची दोन मुले कुंपणाशी येऊन उभी राहत, हात पुढे करत, आणि हे हसून त्यांना नको म्हणत. तिसऱ्या आठवड्यात यांच्या कमरेत उसण भरली आणि आठ दिवस ते चटईवर पडून होते. त्या आठ दिवसांत मुलांनी न विचारता आमची पिंपे भरली, आणि नवव्या दिवशी त्यांची आजी आमच्याकडे आली, माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली की एका वृद्ध माणसाने सर्वांच्या देखत पाणी वाहावे आणि तरुणांनी पाहत राहावे, याची त्यांच्या घराला लाज वाटत होती. आम्ही ज्याला स्वावलंबन समजत होतो, त्याने तीन आठवडे एका कुटुंबाला मान खाली घालायला लावली होती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्या दिवसापासून पाणी मुले भरतात. हे त्या वेळी ओट्यावर बसून त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेतात, आणि बादल्यांच्या चालीवर पाढे चांगले पाठ होतात, असा यांचा अनुभव आहे.

येथे वृद्धांना एक निश्चित स्थान आहे. वृद्ध पुरुषांना उनिमाने आणि वृद्ध स्त्रियांना उनाइने म्हणतात, आणि हे शब्द वयाबरोबर अधिकारही सांगतात. गावाचे निर्णय मानेआबात होतात. मानेआबा म्हणजे गावाचे सभागृह, परंतु या शब्दाने त्याची कल्पना येत नाही. छप्पर अतिशय मोठे आणि त्याच्या वळचणी इतक्या खाली उतरलेल्या की आत शिरताना प्रत्येकाला वाकावे लागते. भिंती नाहीत, भोवती वारा, खाली चटया. प्रत्येक कुळाची बसण्याची जागा पिढ्यानपिढ्या ठरलेली असते, तिला बोती म्हणतात, आणि आपली बोती कोणती हे ज्याला माहीत आहे, तो या बेटावर परका नाही. बसलेल्या माणसांच्या पुढून जायचे झाल्यास वाकून जायचे, कोणाच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत, आणि वडीलधारे बोलू लागले की मध्ये बोलायचे नाही.

आमच्या स्वागताची सभा झाली, तेव्हा आमच्या डोक्यांवर फुलांचे मुकुट ठेवले गेले, मानेवर सुगंधी पावडर शिंपडली गेली, भाषणे झाली, आणि मग सारे शांत झाले. ती शांतता इतकी लांबली की यांनी शेजारी बसलेल्या पाळकांना हळूच विचारले, आता कशाची वाट पाहायची आहे. पाळक म्हणाले, कशाचीही नाही, सर्व जण तुमच्याबरोबर बसले आहेत. ते छोटेसे उत्तर आम्ही दोघांनी नंतर कितीतरी रात्री आठवले आहे. काम म्हणजे करणे, बोलणे, शिकवणे, औषध देणे, असे आम्ही समजत आलो होतो. येथे बसणे हेही काम आहे, आणि वृद्धांचे तर तेच मुख्य काम आहे. कोणाकडे मृत्यू झाला की लोक त्या घरी दिवसरात्र बसून राहतात. कोणाचे मूल इस्पितळात असले की सारे घर चटया घेऊन तेथे जाऊन बसते. माझे गुडघे आता पूर्वीसारखे वळत नाहीत, म्हणून गावाने मला खांबाजवळची जागा दिली आहे, जेथे पाठ टेकता येते. माझ्या नोकरीच्या काळात मला पुष्कळ प्रशस्तिपत्रके मिळाली, परंतु त्या खांबाइतका आनंद मला त्यांतल्या कशाने झाला नव्हता.

इतिहासाचा एक धागा आहे, तो मला विशेष जवळचा वाटतो. बोस्टनच्या ज्या मिशन मंडळाने पाठवलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे मराठी मिशन म्हणून ओळखले गेले, त्याच मंडळाची माणसे १८२० मध्ये हवाईला पोहोचली आणि १८५७ च्या नोव्हेंबरात तारावाच्या उत्तरेला असलेल्या अबाइआंग या बेटावर उतरली. हायरम बिंगहॅम आणि त्यांच्या पत्नी क्लारा हे ते दांपत्य होते, आणि त्यांना आणणारे ‘मॉर्निंग स्टार’ हे जहाज अमेरिकेतील संडे स्कूलच्या मुलांनी नाणी जमवून बांधवले होते. त्यांच्याबरोबर सेवा करायला हवाईचे कानोआ हे मिशनरी आपल्या पत्नीसह आले होते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण या बेटांवर शुभवर्तमान आणण्यात बेटांवरच्याच माणसांचा वाटा किती मोठा होता, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. पुढे दक्षिणेकडच्या बेटांवर सामोआचे शिक्षक-पाळक आले, आणि १८८८ मध्ये नोनोउती येथे कॅथोलिक धर्मगुरू आले.

प्रकृतीने साथ न दिल्यामुळे १८६४ मध्ये बिंगहॅम दांपत्याला अबाइआंग सोडावे लागले. नंतर ते एकदा परत आले, पण पुन्हा आजारपणामुळे जावे लागले. मात्र काम सोडले नाही. होनोलुलूमध्ये राहून, या बेटांवरच्या सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी भाषांतर चालू ठेवले आणि १८९० मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र किरिबाती भाषेत पूर्ण झाले. ज्या भाषेला लिपी नव्हती, तिला त्यांनी केवळ तेरा रोमन अक्षरांत बसवले. त्यात ‘स’ या ध्वनीसाठी अक्षर नाही. ‘त’ला ‘इ’ जोडून लिहिले की ते ‘स’ असे वाचायचे. म्हणून ‘किरिबाती’ लिहून ‘किरिबास’ वाचायचे, आणि ‘किरितिमाती’ (ख्रिसमस बेटाचे येथील नाव) लिहून ‘किरिस्मास’ वाचायचे. देशाचे नाव म्हणजे ‘गिल्बर्ट्स’ या जुन्या इंग्रजी नावाला येथील जिभेने दिलेले रूप आहे. हे नियम मी ६६ व्या वर्षी शिकू लागले. वर्गातली सात-आठ वर्षांची मुले माझ्याकडून रोज एक ओवी मोठ्याने वाचून घेतात आणि चूक झाली की सारी एका सुरात योग्य उच्चार म्हणतात. तीसहून अधिक वर्षे चिकाटीने एकेक शब्द पारखणाऱ्या त्या माणसांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो या मुलांसमोर बसून अडखळताना अधिकच वाढतो.

रविवारी घंटा होते. आमच्या उपासनामंदिराची घंटा म्हणजे माडाच्या खोडाला टांगलेले रिकामे गॅसचे नळकांडे आहे, त्यावर लोखंडी सळईने ठोके देतात, आणि तो नाद फार दूरवर जातो. पांढरे कपडे घातलेली कुटुंबे रस्त्याने चालत येतात. वाद्य काहीही नसते. गायनमंडळ उभे राहते, एक स्त्री पहिला स्वर देते, आणि मग चार स्वरांत बांधलेले स्तोत्र असे उसळून येते की पहिल्या रविवारी मला पुढचे काही वाचताच आले नव्हते. उपासनेनंतर जेवण असते: भात, मासे, उकडलेला नीरफणस, आणि काही विशेष प्रसंग असला तर बाबाइ. बाबाइ हा अळूच्या जातीचा मोठा कंद आहे. तो गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खणलेल्या खड्ड्यात लावतात आणि पालापाचोळ्याचे खत घालून कित्येक वर्षे वाढवतात. तुमच्या पानात बाबाइचा तुकडा आला, याचा अर्थ कोणीतरी अनेक वर्षांची मेहनत तुमच्यासाठी उपटली आहे.

मुलांच्या वर्गाने मला शास्त्र नव्याने वाचायला शिकवले. चांगल्या मेंढपाळाचा धडा मी मोठ्या तयारीने घेतला, आणि एका मुलीने विचारले की मेंढी काय खाते. कुरण, डोंगर, दरी, नदी यांतले या मुलांनी काहीही पाहिलेले नाही. किरिबातीतल्या कंकणद्वीपांवर जमीन समुद्रसपाटीपासून साधारण दोन-तीन मीटरच वर असते. मी चित्रे काढून समजावले, त्यांनी ते प्रेमाने ऐकून घेतले. पुढच्या रविवारी जाळ्याचा दृष्टान्त घेतला तेव्हा मात्र वर्ग माझ्या हातून त्यांच्या हातात गेला. भरती उलटली की मासे कोणत्या वाटेने बाहेर पडतात, जाळे कोणी धरायचे आणि पाण्यावर कोणी आपटायचे, कोणता मासा ठेवायचा आणि कोणता परत टाकायचा, हे सर्व त्यांनी मला उठून दाखवले. रात्रभर श्रम करून काहीही हाती न लागलेले शिष्य त्यांना जितके कळतात, तितके ते मला चाळीस वर्षे वाचूनही कळले नव्हते.

माझ्या जुन्या कामाविषयी. येथे परिचारिका म्हणून काम करण्याचा परवाना माझ्याकडे नाही, म्हणून मी कोणाला औषध देत नाही, सुई टोचत नाही. तो नियम मी काटेकोरपणे पाळते. परंतु डोळे तर तेच आहेत. कुष्ठरोगाचे प्रमाण जगात अजूनही अधिक असलेल्या मोजक्या देशांत किरिबातीची गणना होते, आणि मधुमेहाने पाय गमावलेली माणसेही प्रत्येक गावात दिसतात. मागच्या वर्षी स्त्रियांच्या सभेत पंखा हलवणाऱ्या एका तरुण आईच्या दंडावर मला एक फिकट चट्टा दिसला. सभा संपल्यावर मी तिच्याजवळ बसले, इकडचे तिकडचे बोलले, आणि मग विचारले की त्या जागी स्पर्श कळतो का. तिने नाही अशी मान हलवली आणि दंड झाकून घेतला. तिला दवाखान्यात येण्यासाठी तयार करायला मला पाच भेटी लागल्या; पहिल्या तीन भेटींत मी त्या विषयाचे अवाक्षरही काढले नाही. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी निदान केले, सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले, आणि घरातल्या निकटच्या माणसांना तपासून प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एकेक डोस देण्यात आला. या रोगावरची औषधे इतकी परिणामकारक आहेत की वेळेत सुरू केली तर हातापायांना व्यंग येत नाही, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने ओसरते. हे मी तिला सांगितले, तिच्या पतीला सांगितले, सासूला सांगितले, आणि दर महिन्याला गोळ्यांचे नवे पाकीट आणायला तिच्याबरोबर गेले.

तरीही ती उपासनेला येईना. शास्त्रातल्या कुष्ठरोग्यांच्या गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि त्यांतली दूर उभी राहणारी माणसे म्हणजे आपणच, असे तिने मनाशी धरले होते. मला या गोष्टीचे अतिशय दुःख झाले, कारण ज्या वचनांनी तिला जवळ घ्यावे, त्यांनीच तिला दूर ठेवले होते. आमच्या पाळकांनी पुढे जे केले ते मला फार योग्य वाटले: त्यांनी त्यावर प्रवचन दिले नाही, तिचा उल्लेख केला नाही, केवळ एका संध्याकाळी वडील मंडळींना घेऊन तिच्या घरी गेले आणि तिच्या चटईवर बसून तिच्या हातचे जेवले. पुढच्या रविवारी ती आली. उपचार पूर्ण होऊन आता काही महिने झाले आहेत.

या बेटांविषयी बाहेर बोलले जाते ते मुख्यतः समुद्र वाढत असल्याविषयी. ती काळजी खरी आहे. मोठ्या उधाणाच्या दिवशी लाटा रस्त्यावर येतात, बाबाइच्या खड्ड्यांत खारे पाणी शिरते आणि वर्षानुवर्षे वाढवलेले पीक कुजते. अबाइआंगवरील तेबुंगिनाको हे गाव किनारा खचल्यामुळे लोकांना मागे हटवावे लागले. भरतीच्या वेळी पाण्याने वेढले जाणारे तेथील जुने प्रार्थनामंदिर आम्ही पाहिले, आणि ते पाहून परत येताना बोटीत आम्ही दोघे काहीच बोललो नाही. परंतु आपल्या देशाला कोणी केवळ बुडणारा देश म्हणावे, हे येथील लोकांना आवडत नाही, आणि मलाही आता ते आवडेनासे झाले आहे. प्रवाळाच्या दगडांची समुद्रभिंत ते स्वतः रचतात, लाट ती पाडते, ते पुन्हा रचतात. यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी काहींना बेटिओच्या सागरी प्रशिक्षण केंद्रात जायचे आहे, काहींना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हंगामी कामावर. ते तिकडून पैसे पाठवतील आणि त्यातून घराच्या मागची भिंत उंच होईल, असा त्यांचा साधा हिशेब आहे. हे त्यांना अपूर्णांक शिकवतात. वर्गात कोणी चुकले की यांना राग येत नाही, ही माझ्या दृष्टीने या बेटाने घडवलेली गोष्ट आहे.

आमच्या वयामुळे घरी, भारतात, आमच्या मुलांना काळजी वाटते. घड्याळात साडेसहा तासांचे अंतर आहे. आमची रात्र होते तेव्हा तिकडे दुपार असते, आणि फोनवर पहिला प्रश्न रक्तदाबाच्या गोळ्यांचा असतो. मोठे दुखणे आले तर देशाबाहेर जावे लागेल, हे आम्ही जाणून आलो आहोत. रात्री हे झोपल्यावर कधी कधी मी त्यांचा श्वास ऐकत जागी असते, आणि तेव्हा प्रार्थनेत शब्द फारसे नसतात.

शेवटी बुबुतीविषयी सांगते. आप्ताने किंवा शेजाऱ्याने एखादी वस्तू मागितली तर ती नाकारायची नाही, या प्रथेला बुबुती म्हणतात. आम्हाला याविषयी आधी सांगण्यात आले होते, तरी शेजारणीने माझे जाड बुडाचे मोठे पातेले मागितले तेव्हा माझ्या मनात कडवटपणा आला. मी ते दिले, पण दिले तसे मन मोकळे राहिले नाही, आणि तिला ते कळले असावे. काही महिन्यांनी, आम्ही दोघी विहिरीशी कपडे धूत असताना, ती म्हणाली, “तुम्ही आमच्याकडे कधीच काही मागत नाही. मग आम्ही तुमचे कोण?”

मला उत्तर देता आले नाही. देणे हेच आपले काम, असे धरून आम्ही आलो होतो, आणि ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही त्याला आप्त म्हणता येत नाही, हे तिने मला कपडे पिळता पिळता सांगितले. त्या रात्री मी यांच्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, वाकून आत शिरले, खाली बसले, आणि शिकलेल्या शब्दांत एक चटई मागितली. तिने माझ्याकडे पाहिले, उठली, आणि मला तेथेच आडवे व्हायला सांगून माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत हाताने माप घेतले. मग विचारले की यांची उंची किती आहे.

चटई केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची असते. कडेचे काटे काढायचे, पाने उन्हात वाळवायची, गुंडाळून कुटून मऊ करायची, सारख्या पट्ट्या फाडायच्या, आणि मग दोन-दोन स्त्रियांनी समोरासमोर बसून विणायची. तिने मला पहिल्या दिवसापासून कामाला बसवले आहे. माझ्या हातून सरळ पट्टी अजून निघत नाही, म्हणून काटे काढणे आणि पाने वाळत घालणे हे माझ्याकडे आहे. सध्या आमच्या कुंपणावर पानांची लांब रांग पसरलेली आहे. आज दुपारपासून खाजणाच्या पलीकडे आभाळ काळे होत चालले आहे आणि वाऱ्याला पावसाचा वास आहे. टाकीसाठी हा पाऊस हवा आहे, पण पाने भिजली तर काळी पडतात, आणि शेजारीण तिकडून हात करून मला बोलावते आहे.